जीएमचा रकाना कसा भरायचा: कोकणातून आशियात माल पाठवणाऱ्या नवख्यांसाठी

मे महिन्याचा मध्य, कॅनिंगची ऐन गडबड. शेजारचे तात्या एक फॉर्म घेऊन आले. हाताला रसाचा वास, कागदावर पिवळे ठसे. ओसाकाच्या खरेदीदाराने पाठवलेला तो चार पानी फॉर्म तात्यांच्या मुलीने जवळजवळ भरला होता, एकच रकाना रिकामा होता: ‘मालात जनुकीय बदल केलेला (जीएम) घटक आहे का? नसल्यास आधार काय?’ तात्या म्हणाले, ‘‘आमच्या आंब्यात कोण कसली जीन घालतलो? ‘नाही’ लिव आणि दी धाडून.’’

धंद्यात नवा होतो तेव्हा मीही असंच ‘नाही’ लिहून मोकळा झालो होतो. माल होता तळलेले गरे. फणस आमच्याच परड्यातला, मीठ आगरातलं. खरेदीदाराने उलट विचारलं, ‘तेल कुठलं?’ तेल होतं बाजारातून आणलेल्या डब्यातलं, आणि डब्यावर बारीक अक्षरात सरकीचं तेल असल्याचं छापलेलं. भारतातल्या कपाशीच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेली आहे. म्हणजे माझं ‘नाही’ खोटं ठरलं. माल तीन आठवडे अडकला, आणि मला या विषयाचा अभ्यास करावा लागला.

त्यातून जे हाती आलं ते खाली क्रमाने मांडतो. आंब्याचा रस, आंबावडी, मसाला काजू, कोकम आगळ, तळलेले गरे, कोळंबी, यांपैकी काहीही पहिल्यांदा बाहेर पाठवणाऱ्याला ते उपयोगी पडेल. जीएम चांगलं की वाईट, हा वाद इथे नाही. तो वाद ज्याला घालायचा त्याने घालावा, फॉर्म मात्र आज संध्याकाळपर्यंत जायचा असतो.

पहिली पायरी: कलम, संकर आणि जीएम यांची गल्लत थांबवा

कोकणी माणसाला कलम म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. रायवळ कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधली की हापूसचं कलम तयार होतं. दोन झाडांचे तुकडे जोडले, पण कोणाच्याही जनुकांना हात लावला नाही. हे जीएम नव्हे.

संकरही जीएम नव्हे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये दिलेला ‘रत्ना’ हा नीलम आणि हापूस यांचा संकर. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून पातळ कोयीचा ‘सिंधू’ आला. कर्जतचं ‘सह्याद्री’ संकरित भातही याच जातकुळीतलं. एका जातीचं परागकण त्याच पिकाच्या दुसऱ्या जातीच्या फुलावर, एवढाच तो प्रकार.

तिसरी गोष्ट पुष्कळांना चकवते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर किरणोत्सर्गाचा मारा करून भुईमुगाच्या जाती तयार झाल्या, टीएजी-२४ ही त्यांतली नावाजलेली. ‘अणुकेंद्रातलं बियाणं’ म्हटलं की खरेदीदाराचे कान टवकारतात, पण भारतीय कायद्यात तेही जीएम धरलेलं नाही.

जीएम म्हणजे प्रयोगशाळेत एखाद्या जिवाचं जनुक काढून दुसऱ्याच जिवात बसवणं. बीटी कपाशीत मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक आहे. त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करतं. ‘बीटी’ ही दोन अक्षरं त्या जिवाणूच्या नावाची.

हापूस, काजू, कोकम, फणस, नारळ, सुपारी: यांपैकी एकाचीही जीएम जात भारतात लागवडीला मंजूर नाही. भाताचीही नाही. त्यामुळे वालय, सोरटी, खारभूमीतला राता यांपैकी काहीही पिकवत असाल, तरी भाताच्या दाण्यापुरती काळजी नाही. तात्यांचं म्हणणं आंब्यापुरतं बरोबर होतं, चूक पुढच्या पायरीवर होते.

दुसरी पायरी: फळ सोडा, बाकीचे डबे बघा

ही पायरी मी सगळ्यांत सावकाश करायला सांगतो. स्वयंपाकघरात किंवा शेडमध्ये उभं राहून, मालात जे जे पडतं त्याची यादी करा. तळण, गोडी, घट्टपणा, चकाकी आणणाऱ्या सगळ्या गोष्टी त्यात आल्या.

तेलापासून सुरुवात करा. सरकीचं तेल म्हणजे जवळपास नक्कीच बीटी कपाशीचं. सोयाबीन तेल भारतात मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं, आणि तिथला सोयाबीन बहुतांश जीएम. भारताने असं तेल आयात करायला २००७ पासूनच वाट दिलेली आहे. देशात पिकणारा सोयाबीन जीएम नाही, पण पुडीवर ‘सोयाबीन तेल’ एवढंच छापलेलं असतं, दाणा कुठला ते नाही. खोबरेल, शेंगदाणा, पाम यांबाबत हा प्रश्न येत नाही. मी गऱ्यांसाठी खोबरेलावर गेलो तो चवीसाठी नव्हे, या एका रकान्यासाठी. चव सुधारली ती वर फुकट मिळाली.

मग लिक्विड ग्लूकोज, कॉर्नफ्लोअर, माल्टोडेक्स्ट्रिन. तिन्ही सहसा मक्याची. भारतातला मका जीएम नाही, पण पुरवठादाराचा माल आयात केलेला असू शकतो. आंबावडीत, टॉफीत, मसाला काजूच्या मसाल्यात हे हमखास असतं. चॉकलेट लावलेल्या काजूत सोया लेसिथिन. साखरेचं सोपं आहे, आपल्याकडे ऊस जीएम नाही. सायट्रिक ॲसिड बुरशीच्या आंबवणातून बनतं, आणि बुरशीला जे खाऊ घालतात ते मक्याचं असू शकतं. काही कारखाने रस पातळ करायला पेक्टिनेज हे विकर (एन्झाइम) वापरतात, ते सूक्ष्मजीवांकडून मिळतं, आणि तो सूक्ष्मजीव जनुकीय बदल केलेला असू शकतो. एवढ्या खोलात प्रत्येक खरेदीदार जात नाही. जपानी जातात.

कोळंबीवाल्यांनी खाद्याच्या गोणीवरचं लेबल वाचावं, त्यात सोयापेंड असते. गाईम्हशींना सरकी पेंड घालणारे विचारतात, ‘मग आमचं दूध?’ अशा दुधावर जीएमचं लेबल लावण्याची सक्ती युरोपीय संघानेही केलेली नाही. खाद्य वेगळं, जनावराचं उत्पादन वेगळं.

यादी झाली की ज्या घटकाबद्दल शंका आहे त्याच्या पुरवठादाराकडून लेखी निवेदन मागवा. फोनवरचं ‘हो हो, नॉन-जीएमच आहे’ कामाचं नाही. कागदावर घटकाचं नाव, मूळ पीक, मूळ देश, लॉट नंबर आणि सही पाहिजे. पुरवठादार टाळाटाळ करायला लागला की मी तेच उत्तर समजतो आणि दुसरा बघतो.

तिसरी पायरी: कुठल्या कायद्याने विचारलंय ते ओळखा

नवख्याला वाटतं की ‘जीएमचा कायदा’ नावाची एकच चीज आहे. प्रत्यक्षात प्रत्येक देशात तीन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं वेगळी असू शकतात: हे पीक आमच्या मातीत पेरू देऊ का? पेरलं नाही तरी बाहेरून येऊ देऊ का? आलं तर पाकिटावर काय छापायला लावू? जपान पेरत नाही, पण आयात भरपूर करतो आणि लेबलही लावायला सांगतो. ‘जपानमध्ये जीएम चालत नाही’ असं कोणी ठामपणे सांगू लागला तर त्याला या तिन्हींपैकी कोणतं ते विचारा.

जैवसुरक्षेचा कार्टाजेना करार २००० च्या जानेवारीत माँट्रियलला मान्य झाला आणि ११ सप्टेंबर २००३ ला लागू झाला. भारताने त्याच वर्षी जानेवारीत त्याला मंजुरी दिली होती. हा करार सजीव वस्तूंबद्दल आहे: बियाणं, पेरलं तर उगवेल असा दाणा, रोप. आटवलेला आंब्याचा रस उगवत नाही. म्हणून रस, वडी, तेल हे सगळं त्या त्या देशाच्या अन्नकायद्याखाली जातं. मात्र कोणी परदेशातून बियाणं मागवत असेल तर तो सरळ या कराराच्या आणि आपल्या १९८९ च्या नियमांच्या कक्षेत येतो.

आणखी एक गल्लत इथेच मोडून काढतो. जपानने २००६ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडलं ते वाफेच्या उष्णतेची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. रत्नागिरीत त्यासाठी पणन मंडळाची सोय आहे. ती अट फळमाशीसाठी आहे, तिचा जीएमशी काडीचा संबंध नाही. पीकस्वास्थ्याचा दाखला जोडून ‘जीएमचा आधार जोडला’ असं समजणारे मी पाहिलेत.

चौथी पायरी: भारताची शिडी समजून घ्या

खरेदीदार विचारतो, ‘तुमच्या देशात जीएम आंबा नाही हे कशावरून?’ तेव्हा ‘नाही म्हणजे नाही’ हे उत्तर पुरत नाही. आपल्या देशात मंजुरीशिवाय असं पीक शेतात येऊच शकत नाही, ही व्यवस्था दोन ओळींत सांगता आली पाहिजे.

मूळ कायदा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. त्याखाली ५ डिसेंबर १९८९ ला नियम आले, आणि आजही सगळं त्याच नियमांवर चालतं. संशोधन करणाऱ्या संस्थेत आधी स्वतःची जैवसुरक्षा समिती. तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागातली आरसीजीएम ही आढावा समिती, जी संशोधन आणि लहान चाचण्या बघते. सर्वांत वर पर्यावरण मंत्रालयातली जीईएसी, म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती. या समितीच्या नावात आधी ‘मान्यता’ हा शब्द होता, २०१० मध्ये तो जाऊन ‘मूल्यांकन’ आला. बीटी वांग्याच्या वादानंतरचा हा बदल, आणि त्यात बरंच काही आलं: समिती शिफारस करणार, शेवटचा शब्द सरकारचा.

शेतातल्या चाचण्यांचेही टप्पे आहेत. पहिल्या पातळीवर एका ठिकाणी एक एकराहून जास्त नाही, दुसऱ्या पातळीवर अडीच एकर. राज्याचं ना हरकत पत्रही लागतं. राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती, आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती, अशी तरतूद नियमांतच आहे. गावात कोणी विनापरवाना चाचणी करतोय असा संशय आला तर अर्ज तिथे द्यायचा.

या शिडीवरून शेवटपर्यंत चढून शेतात पसरलेलं पीक एकच: कपाशी. मार्च २००२ मध्ये तीन बीटी संकरित जातींना मंजुरी मिळाली, पण त्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातेत विनापरवाना बीटी कपाशी शेतात उभी असल्याचं उघड झालं होतं. मोहरीची डीएमएच-११ ही जीएम जात ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणात सोडायला सशर्त मंजूर झाली आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. २३ जुलै २०२४ ला दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिला, पण केंद्राने राष्ट्रीय धोरण आखावं यावर त्यांचं एकमत झालं.

तणनाशक सहन करणारी एचटीबीटी कपाशी मंजूर नाही, तरी विदर्भात तिची पेरणी होते. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरून सत्याग्रह केला. कोकणात कपाशी नाही, म्हणून ‘आपल्याला काय त्याचं’ असं वाटेल. पण त्याच सरकीचं तेल घाट उतरून आपल्या कढईत येतं. या कायद्यातल्या शिक्षाही बदलल्या आहेत: आधी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतच्या दंडावर आणला.

बियाण्याबद्दल एकच सांगतो: पोस्टाने न मागवता आलेलं पाकीट मातीत टाकू नका. २०२० च्या ऑगस्टमध्ये अशा अनोळखी पाकिटांबद्दल केंद्रीय कृषी खात्याने इशारा दिला होता. पाकीट न फोडता तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या.

पाचवी पायरी: एका वांग्यावरून आशिया वाचा

देशांची यादी पाठ करू नका. एका वांग्याचा प्रवास लक्षात ठेवा, म्हणजे कुठला देश कसा निर्णय घेतो ते कळतं.

शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी बीटी वांगं भारतात तयार झालं. जीईएसीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, महाराष्ट्रातली नागपूरला झाली. मग ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती दिली. वांगं हे मूळचं आपल्याकडचं पीक, त्याच्या रानटी भाईबंदांत परकं जनुक शिरलं तर काय, हा त्यातला एक मुद्दा होता. कोकणात बांधाबांधावर काटेरी रानवांगी उगवतात, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला पुस्तकातून समजून घ्यावा लागत नाही. ती स्थगिती अजून उठलेली नाही.

तेच जनुक बांगलादेशात गेलं. तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने ते चार स्थानिक जातींत घातलं. ३० ऑक्टोबर २०१३ ला मंजुरी मिळाली आणि २२ जानेवारी २०१४ ला वीस शेतकऱ्यांच्या हातात रोपं पडली. आमच्याकडे सुनावण्यांवर अडलेली गोष्ट शेजारी तीन महिन्यांत मंजुरीपासून वाफ्यापर्यंत गेली.

फिलिपिन्समध्ये तिसरीच गत. या देशाने जीएम खाद्यपीक पेरायला बरीच आधी परवानगी दिली: डिसेंबर २००२ मध्ये बीटी मका. पण तिथली न्यायालयं जागी असतात. २०१५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने वांग्याच्या चाचण्या थांबवल्या आणि सगळी नियमावलीच रद्द केली. २०१६ मध्ये सरकारने नवी नियमावली आणली, आणि त्याच वर्षी न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. जुलै २०२१ मध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाचं द्रव्य असलेला सोनेरी तांदूळ मंजूर, ऑक्टोबर २०२२ मध्ये वांगं मंजूर, आणि एप्रिल २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोन्हींचे परवाने रद्द केले. म्हणून मनिलाच्या खरेदीदाराला गेल्या वर्षीचा कागद पुन्हा पाठवू नये.

बाकीचे झरझर. चीनने बीटी कपाशी १९९७ मध्ये घेतली, विषाणूला दाद न देणारी पपई २००६ मध्ये. बीटी भाताला २००९ मध्ये सुरक्षिततेचं प्रमाणपत्र देऊनही तो शेतात उतरवला नाही. मका आणि सोयाबीनच्या बियाणं कंपन्यांना परवाने थेट २०२३ च्या डिसेंबरात. पाकिस्तानात बीटी कपाशी आधी शेतात पसरली, रीतसर मंजुरी २०१० मध्ये. व्हिएतनाममध्ये २०१५ पासून मका. इंडोनेशियाने २००१ मध्ये दक्षिण सुलावेसीत बीटी कपाशी लावून बघितली आणि दोन वर्षांत गुंडाळली. थायलंडमध्ये व्यापारी लागवड नाही. २००४ मध्ये खोन काएनच्या संशोधन केंद्रातली जीएम पपई आसपासच्या शेतांत सापडली आणि तेव्हापासून तिथे हा विषय काढणंच अवघड झालं. पपई पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: आंब्याला न विचारला जाणारा प्रश्न पपईला विचारला जातो, कारण जीएम पपई जगात खरोखर आहे.

सहावी पायरी: लेबलचे टक्के

मालात चुकून मिसळलेलं जीएम किती टक्क्यांपर्यंत माफ, हे देशागणिक बदलतं. दक्षिण कोरिया, तैवान, मलेशिया: ३ टक्के. जपान आणि इंडोनेशिया: ५. श्रीलंका: अर्धा टक्का. चीनच्या २००२ च्या नियमांत टक्क्यांची सवलतच नव्हती. तुलनेसाठी, युरोपीय संघात ०.९.

जपानमध्ये एक बारीक मेख आहे. ५ टक्के ही सवलत ‘जीएम’ असं न छापण्यासाठी. पाकिटावर कौतुकाने ‘जीएम नाही’ असं छापायचं असेल तर एप्रिल २०२३ पासून चाचणीत काहीही सापडता कामा नये. तात्यांच्या मुलीने पाकिटाच्या डिझाइनवर हिरव्या पानात ‘नॉन-जीएम’ असा शिक्का टाकून ठेवला होता. मी तो काढायला लावला. कायदा मागत नाही ती गोष्ट छापून स्वतःच्या गळ्यात घंटा कशाला बांधायची? शिवाय जपानचे नियम ठरावीक नऊ पिकांना लागू होतात. त्यांत पपई आहे, आंबा नाही. तेल आणि सोया सॉस लेबलच्या सक्तीतून सुटलेत, कारण शुद्ध केलेल्या तेलात तपासण्याजोगं जनुक उरत नाही. मग खरेदीदार तेलाबद्दल का विचारतो? त्याचा स्वतःचा नियम कायद्याहून कडक असतो म्हणून. कायदा आणि खरेदीदार हे दोन वेगळे साहेब आहेत, दोघांचं समाधान करावं लागतं.

आपल्याकडे १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्नाच्या पाकिटावर वरच्या बाजूला ‘जीएम’ छापायचा नियम आहे. आणि १ मार्च २०२१ पासून चोवीस खाद्यपिकांचा माल आयात करताना तो जीएम नसल्याचा दाखला लागतो, १ टक्क्याची सवलत धरून. परदेशातून मका किंवा सोयाबीन आणून प्रक्रिया करणाऱ्यांनी हे आधी बघावं, मग निर्यातीचं स्वप्न.

सातवी पायरी: बंदराकडे नजर ठेवा

ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्याचे भाव कडाडले, तेव्हा केंद्राने बारा लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. अधिसूचनेत सुरुवातीला दोनच वाटा होत्या: बंगालच्या सीमेवरचं पेट्रापोल आणि आपलं न्हावा शेवा. म्हणजे तो जीएम माल कोकणाच्याच किनाऱ्यावर, उरण तालुक्यात उतरला. पेंड दळलेली आणि तेल काढलेली असल्याने ‘सजीव’ नाही, असा तेव्हाचा युक्तिवाद होता. कायद्याच्या भाषेत तो बसतो.

अखंड दाणा असता तर गोष्ट वेगळी झाली असती. जपानमध्ये काशिमा आणि योक्काइची या बंदरांच्या रस्त्यांकडेला जीएम कॅनोलाची (मोहरीवर्गातल्या तेलबियाची) रोपं उगवलेली सापडली. पेरली कोणीच नव्हती. ट्रकमधून सांडलेल्या दाण्यांची ती करामत. जपान एक वावभरही जीएम खाद्यपीक व्यापारी तत्त्वावर पेरत नाही, तरी रस्त्यालगत ते उगवलं. तुमचं गोदाम आणि आयात केलेल्या दाण्याचं गोदाम एकच असेल, तर कागदावर कितीही स्वच्छ लिहा, झाडू मारल्याची नोंदही ठेवा.

आठवी पायरी: चाचणी कधी, कशाची

आंब्याच्या रसाची जीएम चाचणी करायला पाच-सात हजार खर्च करणारे भेटतात. नको. ज्या फळाची जीएम जात बाजारातच नाही, त्याची चाचणी काय सांगणार? चाचणी करायचीच तर मक्याच्या पिठाची, सोयाच्या घटकाची, पपईची करा. त्यासाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा आणि तिच्या मान्यतेच्या यादीत जीएमची पीसीआर, म्हणजे जनुकाचा तुकडा शोधणारी चाचणी आहे का, ते बघा. नुसती ‘मान्यताप्राप्त’ ही पाटी पुरत नाही.

प्राथमिक चाचणीत बहुतेक वेळा ३५एस नावाचा जनुकाचा तुकडा शोधतात. तो मुळात फुलकोबीला लागणाऱ्या एका विषाणूचा. त्यामुळे कोबीवर्गातल्या भाजीला त्या विषाणूची लागण झालेली असेल तर जीएम नसतानाही चाचणी ‘आहे’ म्हणू शकते. सुक्या भाज्यांची पाकिटं पाठवणाऱ्यांनी असा निकाल आला तर घाबरून माल परत न बोलावता पुढची, नेमकी चाचणी मागावी.

निकालाच्या कागदावर ‘आढळलं नाही’ असं असेल तर फॉर्मातही ‘आढळलं नाही’ हेच लिहा. ‘शंभर टक्के मुक्त’ लिहिण्याचा मोह होतो. पण मशीनला दिसण्याच्या मर्यादेखाली काय आहे, ते मशीनलाच माहीत नसतं.

नववी पायरी: जनुक संपादनाचा नवा गुंता

हा भाग दोन-तीन वर्षांत सर्वांत जास्त डोकं खाणार आहे. जनुक संपादनात बाहेरचं जनुक घालत नाहीत, पिकाच्याच जनुकात काटछाट करतात. भारताने मार्च २०२२ मध्ये अशा पिकांच्या दोन प्रकारांना, अंतिम मालात परकं जनुक नसल्यास, १९८९ च्या नियमांतल्या मोठ्या शिडीतून सूट दिली. ४ मे २०२५ ला भाताच्या दोन संपादित जाती जाहीर झाल्या: सांबा मसुरीवरून केलेली ‘डीआरआर धान १००’, म्हणजे ‘कमला’, आणि ‘पुसा डीएसटी राइस १’. जपानमध्ये तर संपादित टोमॅटो २०२१ पासून विक्रीला आहे. चीन आणि फिलिपिन्सनेही २०२२ मध्ये स्वतंत्र वाटा काढल्या.

अडचण अशी की आपल्या कायद्यात जे ‘जीएम नाही’, ते प्रत्येक देशाच्या कायद्यात तसं असेलच असं नाही. वर नेहमीच्या चाचणीत ते सापडत नाही, कारण शोधायला परकं जनुकच नाही. पोहे, तांदळाचं पीठ, घावन पीठ पाठवणाऱ्यांनी आतापासून तांदळाची जात लिहून ठेवायची सवय लावावी. ‘लोकल तांदूळ’ एवढं पुरणार नाही. ‘रत्नागिरी-१, अमुक गावचा, अमुक हंगामाचा’ असं हवं. सेंद्रिय प्रमाणपत्र असणाऱ्यांना ही सवय असते, कारण त्या प्रमाणीकरणात जीएमला मुळातच बंदी आहे.

दहावी पायरी: आता रकाना भरा

तात्यांच्या फॉर्मात आम्ही शेवटी काय लिहिलं ते जसंच्या तसं देतो. जरूर तर उचला, पण स्वतःचा माल बघून बदला:

‘या उत्पादनात हापूस आंब्याचा रस आणि उसाची साखर हे दोनच घटक आहेत. भारतात जनुकीय बदल केलेला आंबा किंवा ऊस व्यापारी लागवडीस मंजूर नाही. भारतात अशा पिकांना १९८९ च्या नियमांनुसार पूर्वपरवानगी सक्तीची आहे. साखरेच्या पुरवठादाराचं निवेदन सोबत जोडलं आहे. उत्पादनाच्या जागी मका, सोयाबीन किंवा सरकीपासून बनलेला कोणताही घटक वापरला जात नाही.’

या शेवटच्या वाक्यावर तात्या अडले. त्याच शेडमध्ये पावसाळ्यात गरे तळायचे, आणि तेलाचा डबा कोपऱ्यात होताच. मी म्हटलं, ‘‘तात्या, एकतर डबा बाहेर काढा, नाहीतर वाक्य.’’ त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे आणि थोडा वेळ डब्याकडे बघितलं, मग मुलीला हाक मारून डबा घरात नेऊन ठेवायला सांगितलं. गरे आता घरच्या पडवीत, वेगळ्या चुलीवर तळतात.

खरेदीदाराने सरकारी दाखलाच मागितला तर निर्यात तपासणी परिषदेच्या मुंबईतल्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. तो आयत्या वेळी मिळत नाही, जहाजाची तारीख ठरायच्या आधी विचारणा करा. आखातात पाठवणाऱ्यांनी तिथल्या आयातदाराकडून ‘काय हवं’ ते ईमेलवर लेखी घ्यावं, कारण दुबईचा माल पुढे कुठल्या देशात जाईल हे त्यालाच ठाऊक असतं.

प्रत्येक देशाने कुठल्या जीएम पिकाला काय परवानगी दिली, हे कार्टाजेना कराराच्या जैवसुरक्षा माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. हंगामाआधी, जानेवारीच्या सुमारास, आपल्या खरेदीदारांचे देश एकदा तिथे तपासा आणि पान छापून तारीख टाका.

कागद तीन वर्षं तरी जपा: घटकयादी, पुरवठादारांची निवेदनं, चाचणीचे निकाल, भरलेल्या फॉर्मची प्रत. आणि फाइल प्लास्टिकच्या डब्यात, खाली दोन फडताळं सोडून वर. जुलैत कोकणात कागदाला बुरशी चढते, आणि ती कुठल्याही परवानगीची वाट बघत नाही.